शेकर घरात आला, दारू दाराबाहेरच राहिली

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. चुलत बहिणीचे लग्न ठरले होते आणि आम्ही सगळी भावंडे माहेरी गोळा झालो होतो. माझे माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात, बौद्धवाडीत. अंगणात उभे राहिले की समोर गड दिसतो. याच गडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. आमचे आबा दर वर्षी २ जानेवारीला हुतात्म्यांना मानवंदना द्यायला जातात.

माझा धाकटा भाऊ मुंबईच्या एका हॉटेलात नोकरीला आहे. आधी भांडी घासायला होता, मग वेटर झाला, आता काउंटरमागे उभा राहून गिऱ्हाईकांची पेये बनवतो. आबा पहाटे गडाच्या वाटेला लागतात, त्याच्या दोनच रात्री आधी, ३१ डिसेंबरला, त्याच्या हॉटेलात सर्वांत जास्त दारू खपते. बापलेकांचे या विषयावर बोलणे होत नाही. भाऊ स्वतः थेंबही घेत नाही. पण पगार कशाचा येतो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

तर लग्नाच्या चार दिवस आधी भाऊ आला. पिशवीतून त्याने साडी काढली, मुलांचा खाऊ काढला आणि शेवटी फडक्यात गुंडाळलेले एक चकचकीत स्टीलचे भांडे काढले. माझ्या मुलाने विचारले, "मामा, हा थर्मास काय?" भाऊ म्हणाला, "नाही रे, हा शेकर. यात पेय हलवून गार करतात."

आबा ओटीवर बसले होते. ते उठून आत आले. भांड्याकडे पाहिले, शेजारी ठेवलेल्या दोन तोंडांच्या छोट्या मापाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "ह्यो पेगचा माप हाय ना? आपल्या घरात ह्ये नको."

त्यांच्या रागाला कारण होते. ज्या मुलीचे लग्न होते तिचे वडील, म्हणजे माझे काका, हातभट्टीच्या दारूने गेले. तेव्हा ती चार वर्षांची होती. काकूने भातलावणीची मजुरी करून, वीटभट्टीवर राबून तिला वाढवले, शिकवले. त्याच घरात आता दारू गाळण्याची नव्हे, तरी दारू मिसळण्याची हत्यारे आली होती. आबांना फरक कसा दिसावा?

हळदीचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी खरी अडचण पुढे आली. आपल्या ठाणे जिल्ह्यात हळदीची रात्र म्हटली की काय चालते, हे वाचकांना सांगायला नको. हळद लावावी की नाही हा वेगळा विषय आहे, पण बहुतेक वाड्यांत ती लागते आणि हळदीपेक्षा बाटलीचा खर्च मोठा होतो. काकूने ठणकावून सांगितले, "ज्या दारूनं माझं कुंकू पुसलं, ती माझ्या पोरीच्या मांडवात येणार नाही."

नातेवाईक तोंडावर काही बोलले नाहीत. पण पाठीमागे कुजबूज सुरू झाली. मांडवात थांबणार कोण? पोरे रात्री नाचणार कशी? आणि एक जण तर म्हणाला, "दारू नाही तर नाही, पण मग काय पाजणार? ते कोमट गोड पाणीच ना?"

हे शेवटचे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते. दारू पिणाऱ्याची आपण किती बडदास्त ठेवतो! त्याला बर्फ हवा, सोडा हवा, चकणा हवा, स्वच्छ ग्लास हवा. आणि न पिणाऱ्याला? बादलीत रंगीत पावडर टाकायची, हाताने ढवळायचे आणि प्लास्टिकच्या पेल्यात ओतायचे. कधी नुसते पाणी, कधी घशाला बसेल इतके गोड. जो शील पाळतो त्याच्या वाट्याला निष्काळजीपणा आणि जो मोडतो त्याच्या वाट्याला पाहुणचार, असा हा उलटा न्याय आहे.

त्या रात्री भाऊ मला म्हणाला, "ताई, हॉटेलात एका ग्लासामागे जेवढं लक्ष देतो, तेवढं सरबतामागे दिलं तर माणसं जागची हलणार नाहीत. दारू काढून टाक, बाकीचं कसब राहतंच की."

विचार केला तर त्याचे म्हणणे खरे होते. इंग्रजीत 'पंच' नावाचे एक मिश्र पेय आहे. सतराव्या शतकात ते हिंदुस्थानातून इंग्रजांकडे गेले आणि त्याचे नाव आपल्या 'पंच' म्हणजे पाच या शब्दावरून पडले, असे अनेक कोशकार मानतात. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. पाचांतला पहिला काढला की उरते ते आपले सरबतच.

भगवंतांनी अनुमती दिलेली आठ पेये

आबांना समजावायचे कसे, हा प्रश्न होता. ते काम आमच्या वाडीतील एका वयस्क उपासकांनी केले. ते विनयपिटकाचे वाचन केलेले गृहस्थ. त्यांनी महावग्गातील केणिय जटिलाची कथा सांगितली.

भगवान बुद्ध आपण नावाच्या नगरात आले असता केणिय जटिलाने भगवंतांसाठी आणि भिक्खुसंघासाठी पेये करवून आणली. ती घ्यावीत की नाही, असा भिक्खूंना संकोच पडला. तेव्हा भगवंतांनी आठ पेयांना अनुमती दिली. आंबा, जांभूळ, बियांची केळी, बिनबियांची केळी, मोह, द्राक्षे, कमळकंद आणि फालसा यांची ती पेये होत. पुढे फळांच्या रसांनाही अनुमती मिळाली, धान्याच्या फळांचा रस तेवढा वगळला. फुलांचे रस चालतील, पण मोहाच्या फुलांचा रस नाही, असेही तिथेच सांगितले आहे. मोहाच्या फुलांचे पुढे काय होते, हे मुरबाड-शहापूरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही!

ही पेये कशी करायची, तर फळ थंड पाण्यात कुस्करायचे आणि गाळायचे, विस्तवावर शिजवायचे नाही, असे परंपरा सांगते. आणि ती दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंतच चालतात, पुढे नाही. यात मोठे शहाणपण आहे. फळाचा रस उन्हाळ्यात तसाच ठेवला की तो आंबतो, आणि आंबला की त्यात मद्य तयार होऊ लागते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. भिक्खूच्या आठ आवश्यक वस्तूंमध्ये तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि कमरबंद यांच्याबरोबर आठवी वस्तू आहे ती पाणी गाळण्याचे साधन, म्हणजे परिस्सावन. ते आबांना म्हणाले, "गाळणी वाईट नसते, दादा. तिच्यातून काय गाळता ते बघायचं. पाचवं शील भांड्याबद्दल नाही, प्रमादाबद्दल हाय. माणूस भान हरपतो, ते वाईट."

आबा काही बोलले नाहीत. पण शेकर घरातच राहिला.

कामे पाचच

भावाच्या फडक्यात काय काय होते? एक शेकर, दोन तोंडांचे माप, लाकडी दट्ट्या, पिळदार दांड्याचा लांब चमचा आणि कडेला स्प्रिंग लावलेली चपटी गाळणी. इंग्रजी नावे बाजूला ठेवली तर कामे पाचच: मोजणे, ठेचणे, घुसळणे, ढवळणे आणि गाळणे. या पाचही कामांची साधने आपल्या घरात पूर्वीपासून आहेत. म्हणून सांगते, भगिनींनो, हा संच विकत घ्यायला धावू नका. आधी घरातली मांडणी बघा.

मापासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे खुणांचे टोपण धुऊन ठेवा. ठेचायला लाटण्याचे टोक किंवा लाकडी बत्ता चालतो. घुसळायला ताकाची रवी आहे, नाहीतर रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली. ढवळायला लांब दांड्याचा चमचा आणि गाळायला चहाची गाळणी. मात्र चहाची गाळणी सरबतासाठी वेगळी ठेवा, नाहीतर लिंबाला चहाचा वास लागतो.

एक खबरदारी जुन्या बायकांना ठाऊक आहे, नव्या सुनांना नसते. लिंबू, कोकम, कैरी, ताक असे आंबट पदार्थ पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात कळकतात. अॅल्युमिनियमच्या पातेल्यातही ते ठेवू नयेत. स्टील, काच किंवा मातीचे भांडे उत्तम.

मोजणे

भावाचा पहिला धडा हाच. तो म्हणतो, "अंदाज हा शत्रू." त्याच्या मापाचे मोठे तोंड ६० मिलिलिटरचे, लहान ३० चे. चांगल्या कारागिराचा पहिला ग्लास आणि शंभरावा ग्लास एकाच चवीचा लागतो, तो मापामुळे.

लिंबू सरबतासाठी त्याने एक सोपे सूत्र दिले: एक भाग आंबट, दोन भाग गोड, आठ भाग पाणी. म्हणजे एका मोठ्या पेल्याला १५ मिलिलिटर लिंबाचा रस, ३० मिलिलिटर साखरेचा पाक आणि १२० मिलिलिटर पाणी. वर चिमूटभर मीठ. बर्फ घालणार असाल तर पाणी आठऐवजी सहा भागच घ्या, कारण बर्फ वितळून उरलेले पाणी आपोआप येते. मध्यम आकाराच्या एका कागदी लिंबातून साधारण १५ ते २० मिलिलिटर रस निघतो. पिळण्याआधी लिंबू पाटावर तळहाताने दाबून फिरवले तर रस सुटायला मदत होते.

साखर थेट न घालता पाक का? कारण थंड पाण्यात साखर लवकर विरघळत नाही. ती तळाशी बसते, आणि पहिला घोट आंबट तर शेवटचा घोट गोडमिट्ट लागतो. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी गरम करून साखर विरघळली की उतरवा. तार येऊ द्यायची नाही. गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच रोज करा.

मापाचे महत्त्व केवळ चवीपुरते नाही. लेकराला जुलाब लागले की आपण घरी जलसंजीवनी करतो. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे तिचे प्रमाण. मीठ अंदाजाने जास्त पडले तर तेच पाणी लेकराला अपाय करते. ज्या आईच्या हाताला मोजायची सवय आहे, तिचे सरबतही चुकत नाही आणि औषधही.

ठेचणे

पुदिना ठेचताना बहुतेक जण चटणी करतात. तिथेच चूक होते. पानाचा सुगंध त्याच्या अंगावरच्या तेलात असतो आणि नुसता दाब पडला तरी तो सुटतो. पान पार चुरडले की कडवट हिरवा रस उतरतो. जाड बुडाच्या स्टीलच्या पेल्यात सहा-आठ पाने आणि चमचाभर साखर घ्या. दट्ट्याने चार-पाच वेळा दाबा, प्रत्येक वेळी मनगट अर्धे फिरवा आणि थांबा. पातळ काचेच्या ग्लासात कधी ठेचू नका, बूड फुटते.

लिंबाची फोड ठेचायची असेल तर तोच नियम. पिवळ्या सालीतले तेल सुगंधी, पण खालचा पांढरा थर कडू. हलका हात ठेवा.

आपल्या भागात या दट्ट्याचा खरा उपयोग करवंदांसाठी आहे. सिद्धगडाच्या बाजूला मे महिन्यात करवंदाच्या जाळ्या काळ्या होतात. चांगली पिकलेली करवंदे निवडा, कच्च्या करवंदाचा चीक घशाला लागतो. ती मिठाच्या पाण्यात धुऊन घ्या. वाटीभर करवंदांवर दोन चमचे साखर घालून दट्ट्याने दाबा. बी फुटू देऊ नका. अर्धी वाटी पाणी घालून दहा मिनिटे ठेवा आणि गाळून घ्या. असा गडद जांभळा रस निघतो की मुले रंग पाहूनच ग्लास पुढे करतात. जूनच्या तोंडावर जांभळे आली की त्यांचेही असेच करावे. बदलापूरच्या आणि पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळांना तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एवढे चांगले फळ हाताशी असताना आपण पावडरीचे रंगीत पाणी का प्यावे?

घुसळणे

आता शेकर. लोकांना वाटते, हा दिखाऊपणा आहे. तसे नाही. ग्लासात बर्फ टाकून ठेवला तर सरबत वरून गार आणि खालून कोमट राहते. बर्फासह जोरात हलवले की सगळे पेय बर्फावरून पुन्हा पुन्हा जाते. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती तो पेयातून ओढून घेतो, म्हणून पेय काही सेकंदांत गार होते. शिवाय हवा मिसळून वर फेस येतो आणि तोंडाला पेय हलके लागते. आपल्या आया रवीने ताक घुसळत, तेव्हा तेच होत होते.

रीत अशी. आधी रस, पाक, पाणी भांड्यात घाला. बर्फ सगळ्यांत शेवटी. भांडे पाऊण भरले की थांबा, हलायला जागा हवी. झाकण दाबून बसवा. एक हात बुडाला, दुसरा झाकणावर. झाकणाची बाजू स्वतःकडे ठेवा, पाहुण्याकडे नको. बारा ते पंधरा सेकंद पुढे-मागे जोरात हलवा. भांड्यावर बाहेरून दव धरले आणि बोटे गारठली की झाले. त्याहून जास्त हलवले तर पेय पाणचट होते.

झाकण अडकले तर घाबरू नका. आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण ओढून धरते. भांडे ओट्यावर आपटू नका. जोडाच्या जागी तळहाताने हलकेच ठोका, ते सुटते.

आणि दोन गोष्टी शेकरमध्ये कधीही घालू नका. एक, गरम पदार्थ. दुसरी, सोडा. सोड्यातला वायू हलवल्यावर बाहेर यायला धडपडतो. हा धडा आम्ही हळदीच्या दिवशी दुपारीच शिकलो. माझ्या मुलाने मामाची नजर चुकवून शेकरमध्ये लिंबू-सोडा भरला आणि दणादण हलवला. झाकण उडाले ते थेट मांडवाच्या कनातीला लागले आणि नवरीच्या आत्याचे नवे लुगडे भिजले! आत्याबाई चिडल्या, पण पदराचे टोक चाटून म्हणाल्या, "चव मातुर बरी हाय."

ढवळणे आणि गाळणे

मग घुसळायचे कशाला आणि ढवळायचे कशाला? लिंबू, कैरी, ताक, दूध, फळाचा गर असे गढूळ पदार्थ असतील तर घुसळा. कोकमाच्या आगळासारखे नितळ पेय असेल तर नुसते ढवळा, त्याचा रंग नितळच राहू द्या. चमच्याची पाठ ग्लासाच्या आतल्या बाजूला टेकवून गोल फिरवली की आवाज न होता पेय मिसळते. सोडा नेहमी सर्वांत शेवटी, ग्लासाच्या कडेने ओतावा आणि एकदाच चमचा फिरवावा.

याच चमच्याने मुलांसाठी एक गंमत होते. ग्लासात तळाला साखर घातलेला कोकमाचा दाट पाक घाला. मग चमच्याची पाठ त्याच्या वर धरून त्यावरून लिंबाचे पाणी अगदी हळू सोडा. साखरेचा पाक जड म्हणून खाली राहतो, पाणी हलके म्हणून वर. खाली लाल, वर पांढरे असे दुरंगी सरबत तयार होते.

गाळताना दोन गाळण्या वापराव्यात. पहिली बर्फ आणि पाने अडवते, दुसरी, म्हणजे चहाची, बिया आणि बर्फाचा चुरा. लहान मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या घशात बी अडकू नये म्हणून तरी दुसरी गाळणी चुकवू नका.

बर्फाबद्दलही सांगितले पाहिजे. मासळी टिकवायला वापरतात तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यावा, असा नियम झाला आहे. निळसर लादी दिसली तर ती पेयात घालू नका. बिनरंगी बर्फही खात्रीच्या ठिकाणचाच घ्या, नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्याचा घरीच करा.

हळदीची रात्र

दोनशे माणसांना एकेक ग्लास हलवून देणे शक्य नव्हते. भावाने हिशेब मांडला. शंभर पेल्यांना दीड लिटर लिंबाचा रस, म्हणजे शंभरेक लिंबे. पावणेदोन किलो साखर आणि दोन लिटर पाणी यांचा सुमारे तीन लिटर पाक. आणि बारा लिटर पाणी. दोनशेला याच्या दुप्पट. मोठ्या पातेल्यात ते सारे रवीने घुसळले आणि ठरावीक मापाच्या ओगराळ्याने पेले भरले. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्यासाठी बिनसाखरेचे, जिरे-आले लावलेले पातळ ताक वेगळे ठेवले.

शेकर मात्र मांडवाच्या एका कोपऱ्यात, मेजावर. शेजारी कैरीचा उकडून गूळ घातलेला गर, करवंदाचा रस, पुदिना, लिंबे आणि बर्फाचा डबा. कैरीच्या गराचे एक मोठे माप, पाण्याची दोन, वेलची, मीठ, बर्फ, आणि पंधरा सेकंद हलवणे. भाऊ ते भांडे खांद्यावरून असे काही फिरवी की सुरुवातीला पोरे बघायलाच जमली. मग एकाने मागितले. मग दुसऱ्याने. ज्यांनी "मांडवात थांबणार कोण" म्हटले होते, त्यांतले दोघे तर स्वतःच लिंबे पिळायला बसले. बाहेर जाऊन कोणी घेऊन आलाच नाही, असे मी म्हणणार नाही. दोघे-तिघे आले तसेच. पण मांडवात बाटली आली नाही आणि भांडण झाले नाही. रात्री बारापर्यंत भीमगीते चालली आणि बायका निर्धास्तपणे शेवटपर्यंत बसून राहिल्या. आमच्या वाडीत हळदीच्या रात्री हे नवीन होते.

काकूला भावाने करवंदाचा पेला नेऊन दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ प्यायलीच नाही. मग म्हणाली, "असं कुनी करून पाजलं असतं तर तुझा काका घरीच बसला असता का रं?" याचे उत्तर कोणापाशी नव्हते. व्यसन सरबताने सुटत नाही, त्याला उपचार लागतो, आधार लागतो, हे मला कळते. पण व्यसन लागण्याआधीची जी संध्याकाळ असते, ती घरात गोड करता आली तर करावी, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आबा सगळ्यांत मागे, खुर्चीवर बसले होते. ते लहान असताना गावच्या विहिरीवर त्यांना पोहरा धरू देत नसत, वरून ओंजळीत पाणी ओतत. हे ते आम्हाला क्वचितच सांगतात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे, हे आबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. भावाने त्यांच्यासाठी कैरीचे पन्हे मोजून, हलवून, दोनदा गाळून पेल्यात ओतले आणि पुढे केले. त्या रात्री गावातली सगळ्या समाजांची माणसे त्याच मांडवात, त्याच पेल्यांतून पीत होती.

आबांनी पेला रिकामा केला. काही बोलले नाहीत.

लग्न आटोपले. चौथ्या दिवशी भाऊ मुंबईला निघाला. पिशवी भरताना त्याने शेकर, माप, गाळणी फडक्यात गुंडाळायला घेतली. मद्याचा व्यापार उपासकाने करू नये, हे त्यालाही ठाऊक आहे. दुसरे काम तो शोधतोच आहे, पण घरावरच्या कर्जाचे हप्ते आहेत. आबा ओटीवरून उठून आले. त्यांनी ते फडके त्याच्या हातून काढून घेतले आणि मांडणीवर, ताकाच्या रवीशेजारी ठेवले.

"ह्ये हितंच राहू दे," ते म्हणाले. "आन् तुलाबी हितंच काय करता आलं, तर बघ."